सव्वाशे वर्षांचा सूर्य

१९१२ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधली वेधशाळा बंद झाली आणि तिची सगळी उपकरणे दक्षिणेकडे रवाना झाली. त्यांत डब्लिनच्या ग्रब कारखान्यात घडलेली २० इंची परावर्ती दुर्बीण होती. एवढ्या व्यासाची दुसरी दुर्बीण तेव्हा भारतात नव्हती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या देणगीतून आणि मुंबई सरकारने तिच्यात घातलेल्या भरीतून ती आली होती. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती जवळजवळ एकट्याच्या हिमतीवर चालवली. ते निवृत्त झाले, मागे सांभाळणारे कोणी उरले नाही, आणि दुर्बीण पळनी डोंगरावर, कोडाईकनालला गेली.

कोडाईकनालच्या सौर वेधशाळेला सव्वाशे वर्षे झाली, त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत तिचा इतिहास मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्यांदा मनात आली ती हीच दुर्बीण. पुण्याची एक वस्तू त्या डोंगरावर आहे, एवढ्यानेच तो डोंगर मला परका वाटेनासा झाला. पण वेधशाळेचा जन्म दुर्बिणीतून झालेला नाही. तो दुष्काळातून झाला.

१८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचा मुलूख आणि आपले दख्खन दुष्काळात होरपळून निघाले. लाखो माणसे मेली. पाऊस का फिरकला नाही, तो कधी फिरकणार नाही हे आधी कळेल का, हा प्रश्न सरकारला टाळता येईना. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनी सौरडाग आणि दुष्काळ यांचा संबंध मांडणारा लेख लिहिला. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि घटतात, हे तोवर माहीत झाले होते. पाऊस त्याच तालावर चालत असेल तर दुष्काळाची चाहूल आकाशातच लागेल, अशी ती आशा होती. १८७८ पासून डेहराडूनला सूर्याची रोज छायाचित्रे घेणे सुरू झाले. मात्र नुसती छायाचित्रे पुरेशी नव्हती. सूर्याचा वर्णपट तपासायला कायमची वेधशाळा हवी होती.

मद्रासला वेधशाळा होतीच. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये नुंगमबाक्कमला बांधलेली ती वेधशाळा आशियातल्या आधुनिक खगोलशास्त्राचे एक जुने ठाणे होते. नॉर्मन पॉगसन यांनी तिथे तीस वर्षे काम केले. ताऱ्यांच्या प्रतींमधले जे प्रमाण आज प्रत्येक हौशी निरीक्षक वापरतो, ते त्यांचेच. त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला होता. पण समुद्रकाठची दमट, धुळकट हवा सूर्याच्या बारीक अभ्यासाला उपयोगाची नव्हती. पॉगसन यांनी १८८२ मध्ये दक्षिणेतल्या डोंगरावर मोठी दुर्बीण बसवण्याचा प्रस्ताव मांडला, आणि जागा पाहण्याचे काम मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले भौतिकशास्त्राचे स्कॉटिश प्राध्यापक चार्ल्स मिची स्मिथ यांच्याकडे आले. निलगिरी आणि पळनी हे दोन्ही डोंगर त्यांनी पाहिले. निवड कोडाईकनालची झाली.

समुद्रसपाटीपासून २,३४३ मीटर उंची. तिथे उभे राहिले की वातावरणाचा जवळजवळ पाव भाग आपल्या पायांखाली असतो, आणि धूळ व बाष्प यांचा मोठा वाटा त्या पाव भागातच असतो. दुसरा फायदा सकाळच्या वेळेचा. उन्हाने जमीन तापली की हवा वर उसळू लागते आणि दुर्बिणीतली प्रतिमा पाण्याखाली ठेवल्यासारखी हलते. निरीक्षक याला ‘सीइंग’ बिघडणे म्हणतात. सूर्य उगवून वर आला आहे, पण डोंगर अजून तापलेला नाही, असे एक-दोन तास कोडाईला मिळतात. वेधशाळेचा सगळा दिनक्रम सव्वाशे वर्षे या एक-दोन तासांभोवती बांधलेला आहे.

१८९१ मध्ये पॉगसन वारले आणि मिची स्मिथ सरकारी खगोलशास्त्रज्ञ झाले. १८९५ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते पायाभरणी झाली. १ एप्रिल १८९९ पासून कारभार मद्रास सरकारकडून हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याकडे गेला. संस्थेचे वय याच दिवसापासून मोजले जाते. नियमित निरीक्षणे १९०१ मध्ये सुरू झाली. मोटारीचा घाटरस्ता तेव्हा झालेला नव्हता. भिंगे, आरसे, लोखंडी बैठका हे सारे पायथ्यापासून घाटवाटेने माणसांनी वर चढवले. त्या माणसांची नावे कुठल्याही अहवालात नाहीत. त्यांच्या खांद्यांवरून ही वेधशाळा डोंगरावर आली, एवढे तरी या पानावर राहावे.

नेमक्या त्याच काळात आपल्याकडेही सूर्याची एक मोठी पर्वणी होऊन गेली होती. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण कोकणातून आणि सोलापूरच्या बाजूने दिसले. लॉकियर स्वतः विजयदुर्गावर आले होते; किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ ही त्या मुक्कामाची खूण. हेलियम तिथे सापडला असे सांगतात, पण ते खरे नाही. त्याची रेषा १८६८ च्या ग्रहणाच्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात दिसली आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये होते, हे आपल्या लोकांनी एकदा नीट ध्यानात घ्यायला हवे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला नायगमवालांनी पुण्याहून उपकरणे नेऊन तळ ठोकला होता. त्या ग्रहणाचा त्यांचा अहवाल १९०२ मध्ये छापून निघाला. एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने स्वतः दुर्बीण उभी करावी, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटावर प्रबंध लिहावा, ग्रहणाची मोहीम काढावी, हे सगळे आज वाचताना छाती भरून येते. तरी त्यांच्यामागे पुण्यात काही उरले नाही. कोडाईला एक संचालक गेला की दुसरा येत होता, पगार चालू होते, नोंदवही चालू होती.

कोडाईचे सर्वांत महत्त्वाचे उपकरण १९०४ मध्ये केंब्रिजच्या सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीकडून आले. त्याचे नाव स्पेक्ट्रोहेलिओग्राफ. नाव अवजड असले तरी कल्पना सोपी आहे. सूर्याच्या प्रतिमेवर एक अरुंद फट ठेवायची. फटीतून आलेला प्रकाश वर्णपटात पसरवायचा. त्या पट्ट्यातली एकच रेषा, समजा कॅल्शियमची ‘के’ रेषा, दुसऱ्या फटीतून पुढे जाऊ द्यायची आणि बाकीचा प्रकाश अडवायचा. मग पहिली फट सूर्यबिंबाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत न्यायची. मागच्या छायाचित्रणाच्या काचेवर एकेक पट्टी उमटत जाते आणि शेवटी केवळ कॅल्शियमच्या प्रकाशातला पूर्ण सूर्य तयार होतो. साध्या प्रकाशात सूर्य म्हणजे पिवळसर थाळी आणि तिच्यावर चार डाग. के रेषेत त्याच डागांभोवती झळझळीत ठिगळे दिसतात, आणि बिंबभर एक बारीक जाळी पसरलेली दिसते. १९१२ पासून हायड्रोजनच्या तांबड्या रेषेतही अशी चित्रे घेतली जाऊ लागली.

हे उपकरण पुरते वापरणारा माणूस १९०७ मध्ये आला. जॉन एव्हरशेड इंग्लंडात नोकरी सांभाळून स्वतःच्या हातांनी वर्णपटदर्शक बनवणारे हौशी निरीक्षक होते. विल्यम हगिन्स यांच्या शिफारशीने त्यांना कोडाईची जागा मिळाली. वाटेत अमेरिकेला जाऊन त्यांनी जॉर्ज हेल यांचे माउंट विल्सनवरचे काम पाहिले. १९०८ मध्ये हेल यांनी सौरडागांत प्रबळ चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखवले. त्या वेळी समजूत अशी की डाग म्हणजे सूर्यावरचा भोवरा. भोवरा असेल तर वायू गरगर फिरत असणार, आणि तसे असेल तर डागाच्या एका बाजूची वर्णरेषा तांबड्याकडे व दुसऱ्या बाजूची निळ्याकडे सरकलेली दिसणार.

५ जानेवारी १९०९ च्या सकाळी सीइंग उत्तम होते. सूर्यावर मोठे डाग होते. एव्हरशेड यांनी स्वतः जुळवलेल्या वर्णपटलेखकाची फट डागावर ठेवून छायाचित्रे घेतली. रेषा सरकलेल्या होत्या खऱ्या, पण भोवऱ्याचा हिशेब काही जमेना. फट वेगवेगळ्या कोनांत फिरवून पाहिल्यावर उलगडा झाला. डागाच्या काळ्या गाभ्याभोवती जी करडी झालर असते, त्या उपच्छायेत वायू केंद्राकडून बाहेर वाहत होता, सूर्याच्या पृष्ठभागाला समांतर, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने. डाग सूर्यबिंबाच्या मध्यावर असला की हे सरकणे दिसत नाही, कारण वाहणे आपल्या नजरेला काटकोनात असते. डाग कडेकडे गेला की ते वाढते. त्यामुळे वायू बिंबाच्या बाहेर उसळत नसून आडवा पसरतो आहे, हे नक्की झाले. वेधशाळेच्या पंधराव्या पत्रिकेत हा निष्कर्ष छापला गेला. जगभरच्या सौरभौतिकीच्या पुस्तकांत त्याला ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणतात, आणि त्याच्या शताब्दीनिमित्त २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले.

या शोधाबद्दल बोलताना एव्हरशेड यांच्या पत्नी मेरी यांचे नाव मागे पडते, ते पडू नये. त्या स्वतः जाणत्या निरीक्षक होत्या. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांवर त्यांनी कोडाईत स्वतंत्र काम केले, आणि १९१७ मध्ये पतीबरोबर त्याच विषयावरचा मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच डोंगरावर राहून त्यांनी दान्तेच्या काव्यातल्या खगोलज्ञानावर पुस्तक लिहिले. ते १९१४ मध्ये निघाले. वेधशाळेत त्यांना पगारी पद नव्हते. सीताराम अय्यर, नागराज अय्यर या सहायकांची नावेही अशीच मागे पडतात. रोजची निरीक्षणे, मोजमापे आणि आकडेमोड यांचा मोठा भार त्यांच्यावर होता.

मूळ प्रश्नाचे, पावसाचे, काय झाले? हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर म्हणजे कारभाराच्या हिशेबाने एव्हरशेड यांचे वरिष्ठ. गणितात मुरलेल्या वॉकर यांनी सौरडाग आणि पाऊस यांचे आकडे ताडून पाहिले, तर संबंध फारच क्षीण निघाला. मग त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे चाळले आणि त्यातून प्रशांत व हिंदी महासागरांवरचा दाबाचा झोका सापडला. ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हणून तो आज ओळखला जातो, आणि एल निनोच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो त्या त्याच धाग्यातल्या. म्हणजे ज्या प्रश्नासाठी कोडाईला वेधशाळा बांधली, त्याचे उत्तर त्याच खात्यात, पण दुसऱ्याच दिशेने चालू लागले. सरकारला वाटले असते तर कोडाईला टाळे लावायला हे कारण पुरेसे होते. तसे झाले नाही. ज्या संस्थेचा मूळ हेतू फसला, तिला काम करू देण्याची समज त्या काळच्या खात्याने दाखवली, याचे मला फार मोल वाटते.

१९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरजवळची ती दगडी इमारत पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. पुण्याची दुर्बीण कोडाईला गेली त्याला सोळा वर्षे झाली होती, आणि आता कोडाईचा कारभार पुण्याहून चालू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुख्यालय दिल्लीला हलेपर्यंत तसेच चालले.

एव्हरशेड १९२३ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यानंतर थॉमस रॉइड्स आले, आणि १९३७ मध्ये ए. एल. नारायण हे पहिले भारतीय संचालक झाले. या वर्षांत मोठे शोध लागले नाहीत, पैसाही बेताचा होता. पण चित्रे थांबली नाहीत. दोन महायुद्धे आली आणि गेली, सत्ता बदलली, तरी ढग नसलेल्या सकाळी सूर्याची काच निघत राहिली. ग्रिनिचला आकाश झाकोळलेले असे त्या दिवसांच्या नोंदींची रिकामी जागा कोडाईच्या काचांनी भरली जाई.

१९४५ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने युद्धानंतरच्या भारतीय खगोलशास्त्राचा आराखडा केला. संचालक ए. के. दास यांनी त्यातून कोडाईसाठी सूर्याची नवी दुर्बीण मिळवली, आणि ग्रब पार्सन्स कंपनीची ती यंत्रणा १९६० च्या सुमारास उभी राहिली. तिला दुर्बीण म्हणताना डोळ्यांपुढे नळी येते, पण इथे नळीच्या जागी बोगदा आहे. अकरा मीटर उंचीच्या मनोऱ्यावर साठ सेंटिमीटरचे आरसे सूर्याबरोबर फिरतात आणि त्याचा प्रकाश खाली सोडतात. खाली तो आडव्या, साठ मीटर लांबीच्या भुयारी बोगद्यात वळतो. वाटेत ३८ सेंटिमीटरचे भिंग आहे, आणि त्यातून सूर्याची ३४ सेंटिमीटर व्यासाची प्रतिमा पडते. जेवणाच्या ताटाहून मोठा सूर्य. त्या ताटातला एखादा डाग निवडून त्याचा वर्णपट घ्यायचा. बोगदा जमिनीखाली असल्याने आतली हवा दिवसभर एकसारखी राहते, मनोऱ्यामुळे प्रकाश जमिनीच्या तापलेल्या थराच्या वरूनच पकडला जातो. डोंगरावर येण्यामागे जो विचार होता, तोच इथे पुन्हा एकदा, लहान मापात, वापरला आहे.

त्याच १९६० मध्ये वेणू बाप्पू संचालक झाले, तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. हार्वर्डला विद्यार्थी असताना त्यांच्या नावाचा धूमकेतू आकाशात आला होता, आणि १९५७ मध्ये ओलिन विल्सन यांच्याबरोबर त्यांनी ताऱ्यांच्या कॅल्शियमच्या के रेषेतला एक नियम दाखवून दिला होता. या रेषेच्या मध्यावरच्या उजळ भागाची रुंदी मोजली की ताऱ्याची खरी तेजस्विता काढता येते, म्हणजे अंतरही काढता येते. कोडाईच्या हजारो काचांवर जी के रेषा होती, तीच ही. बाप्पूंसाठी त्या काचा जुना साठा नव्हत्या. सूर्य हाही ताराच, आणि त्याच्या के रेषेची अर्ध्या शतकाची चित्रे एका कपाटात.

बाप्पूंना रात्रीचे आकाशही हवे होते. पुण्याची २० इंची दुर्बीण सूर्याच्या वेधशाळेत आल्यामुळे कित्येक वर्षे जवळजवळ पडून होती. तिच्यावर बाप्पूंच्या काळात ताऱ्यांचे काम झाले. पण कोडाईच्या रात्री ढगाळ. म्हणून त्यांनी तमिळनाडूतच जवादी डोंगरात कावलूरची जागा शोधली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ३८ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने काम सुरू झाले. १९७२ मध्ये एक मीटरची दुर्बीण आली. १९७१ मध्ये कोडाईची वेधशाळा हवामान खात्यातून वेगळी होऊन भारतीय खगोलभौतिकी संस्था ही स्वायत्त संस्था झाली, तिचे ठाणे पुढे बंगळूरला गेले. सव्वादोन मीटरहून मोठी, भारतातच घडवलेली दुर्बीण पाहायला बाप्पू राहिले नाहीत. ते १९८२ मध्ये गेले. १९८६ मध्ये दुर्बिणीला त्यांचे नाव दिले.

पुण्याच्या दुर्बिणीचा प्रवास अजून संपला नव्हता. १९८० च्या दशकात हिमालयात वेधशाळेसाठी जागा शोधायची ठरली, तेव्हा तिथले आकाश तपासायला तिला लडाखात, लेहला नेले. शोध पुढे हानलेपर्यंत पोहोचला, आणि साडेचार हजार मीटर उंचीवर हिमालयन चंद्रा दुर्बिणीने २००० साली पहिला प्रकाश टिपला. नायगमवालांनी पुण्याच्या कॉलेजात बसवलेल्या दुर्बिणीच्या वाट्याला असेही काम आले.

कोडाईच्या काचांना गेल्या काही वर्षांत नवे दिवस आले आहेत. त्या सगळ्या संगणकावर चढवल्या गेल्या. के रेषेतली झळझळीत ठिगळे जिथे दिसतात, तिथे सूर्याचे चुंबकीय क्षेत्र तीव्र असते, हे आता पक्के माहीत आहे. सूर्यबिंबभर चुंबकीय क्षेत्र रोज मोजणारी उपकरणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्याआधीच्या पन्नास वर्षांचे क्षेत्र कसे होते, हे शोधायला १९०४ पासूनच्या या काचा हाताशी आहेत. ज्यांनी त्या काढल्या त्यांतल्या बहुतेकांना पुढे कधी त्यांतून हे क्षेत्र वाचता येईल, हे ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त काच स्वच्छ धुतली, तारीख आणि वेळ लिहिली, आणि कपाटात लावली. सूर्याच्या अभ्यासासाठी निघालेल्या आदित्य यानाच्या उड्डाणाचा दिवस, २ सप्टेंबर २०२३, सगळ्यांच्या लक्षात आहे; त्या यानावरचे सौरप्रभामंडल पाहणारे मुख्य उपकरण कोडाईच्या वेधशाळेतून उभ्या राहिलेल्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनेच बनवले.

पळनी डोंगरावर कुरिंजी नावाचे झुडूप बारा वर्षांतून एकदा निळे फुलते. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची ती बहीण. २०१८ मध्ये ती फुलली होती. सूर्याच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याशी तिचा काही संबंध नाही. तरी एवढ्या लांब पल्ल्याने चालणाऱ्या दोन गोष्टींची नोंद एकाच डोंगरावर राहते, याचे मला कौतुक वाटते. वेधशाळेने सूर्याचे दहाहून अधिक फेरे पाहिले आहेत, आणि एकाही निरीक्षकाला त्यांतले तीन-चारांहून जास्त पाहता आलेले नाहीत.

आज कोडाईत हायड्रोजनच्या प्रकाशात सूर्य टिपणारी नवी दुर्बीण आहे, डागांवर लक्ष ठेवणारी स्वयंचलित उपकरणे आहेत. त्यांच्या शेजारीच एक जुनी सहा इंची दुर्बीण उभी आहे. पॅरिसच्या लर्बूर आणि सक्रेताँ यांनी ती १८५० मध्ये बनवली. ती आधी मद्रासला होती, मग ग्रबकडून दुरुस्त होऊन डोंगरावर आली. दुष्काळ पडला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. सकाळी घुमटाची झडप सरकवली की तिच्यातून वीस सेंटिमीटरचा सूर्य पडतो, आणि ढग आड येण्याआधी तो टिपून घ्यायचा असतो.